गावाची सत्ता आणि माणसाचा हक्क



राज्यघटनेवरचं व्याख्यान बहुतेक वेळा दिल्लीपासून सुरू होतं. घटना समिती, मसुदा समिती, २६ जानेवारी १९५०. मी आज आटपाडीपासून सुरुवात करणार आहे. संघराज्याची घटना नेमकं काय करते, सत्ता कशी वाटते आणि माणसाला काय देते, हे समजून घ्यायला सातारा-सांगलीच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. या मुलखात घटना समिती भरण्याआधीच एक घटना लिहिली गेली आणि राबवलीही गेली. आपल्या शाळांमध्ये ती शिकवली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आटपाडी ज्या औंध संस्थानात होतं, त्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ७२ गावं आणि सुमारे पाऊण लाख वस्ती. हा मुलूख सलगसुद्धा नव्हता. औंधचा परिसर एकीकडे, आटपाडीचा माणदेश दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळचा तुकडा थेट विजापूरकडे. मध्ये मध्ये इंग्रजांचा सातारा जिल्हा आणि इतर संस्थानांच्या हद्दी. राजे होते भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकलेचे जाणकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यांत मोठं काम तेच. १९३८ च्या अखेरीस, सत्तरी गाठल्यावर, आपली सत्ता प्रजेच्या हवाली करण्याचं त्यांनी जाहीर केलं. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर या कामात पुढे होते. मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने सेवाग्रामला आकाराला आला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्याची घटना लागू झाली.

या घटनेची बांधणी खालून वर होती. गावाने पाच पंच निवडायचे, पंचांनी आपला अध्यक्ष निवडायचा, गावोगावच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तालुक्यांनी आपले प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात पाठवायचे. एवढ्यावरच थांबलं असतं तर मी तिचं इतकं कौतुक केलं नसतं, कारण समित्यांची उतरंड कागदावर कोणीही मांडू शकतो. औंधने त्या उतरंडीच्या तळाशी दोन खऱ्या गोष्टी ठेवल्या. पहिली पैसा: गावातून जमणाऱ्या महसुलाचा जवळजवळ निम्मा वाटा गावाकडे राहू लागला. दुसरी न्याय: तंटे गावातच पंचांपुढे चालू लागले आणि गरज पडली तर तालुक्याचा न्यायाधीश स्वतः गावात येऊन पंचांबरोबर बसू लागला. तालुक्याच्या कचेरीत तारखांवर तारखा घेत पायऱ्या झिजवायच्या, वकिलाची फी, जेवणाखाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च सोसायचा, हे ज्याने पाहिलंय त्याला न्यायाधीशाने गावात येण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. साक्षीदार तिथलेच, बांध तिथलाच. ज्या बांधावरून भांडण, तो बांध बघून निवाडा व्हायचा.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं तेही याच काळात. भिंत नसलेला तुरुंग. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे बायकामुलांसह राहून शेती करायची. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे या वसाहतीची प्रेरणा आहे. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच औंध संस्थानातल्या माडगूळचे. शिक्षा झालेल्या माणसालाही काही हक्क उरतात, हा विचार घटनेच्या पुस्तकात यायच्या आधी माणदेशाच्या माळावर येऊन गेला होता.

८ मार्च १९४८ ला औंध इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हा सगळा प्रयोग त्याबरोबर संपला. विलीनीकरण आवश्यकच होतं. देश एक व्हायचा तर ७२ गावांचं राज्य वेगळं राहू शकत नव्हतं. पण विलीन होताना गावाचा महसुलातला वाटा आणि गावात येणारा न्यायाधीश ही दोन्ही गेली, आणि त्यांच्या जागी काय आलं हा प्रश्न कुणी विचारला नाही. तो प्रश्न मी आज विचारणार आहे. पण आधी नाण्याची दुसरी बाजू.

औंधपासून फार दूर नाही, मसूर नावाचं रेल्वे स्टेशन आहे. १९०१ साली दहा वर्षांचा एक मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने तिथे उतरला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावी दुष्काळी कामावर कॅशिअर होते, त्यांच्याकडे ही मुलं निघाली होती. नवे कोरे कपडे, सुट्टीचा आनंद. स्टेशन मास्तरांनी जात विचारली, मुलांनी सांगितली, आणि पुढे सगळंच फिरलं. एकही गाडीवान गाडी द्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण अट अशी की बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर डबा होता, पण पाणी मिळेना. जकात नाक्यावर मागून पाहिलं, तिथेही नाहीच. अन्न जवळ असून पाण्यावाचून मुलं रात्रभर उपाशी राहिली. हा मुलगा आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० ला, साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला होता. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. मुलाचं नाव भीमराव.

त्या रात्री पाणी कोणी नाकारलं? विलायतेच्या राजाने नाही, मुंबईच्या गव्हर्नरानेही नाही. ते नाकारलं आजूबाजूच्या माणसांनी, गावाच्या रिवाजाने. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. आंबेडकर खेड्याबद्दल इतकं कठोर बोलले. खेडं हे घटनेचं मूळ एकक मानायला त्यांनी नकार दिला. मसुद्याचं मूळ एकक व्यक्ती आहे, याचं त्यांना समाधान होतं. गांधीवादी सभासद नाराज झाले. पुढे २२ नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली, आणि ग्रामपंचायतींना स्वराज्याचे घटक म्हणून अधिकार द्यावेत हे ४० वं कलम मार्गदर्शक तत्त्वांत आलं. म्हणजे न्यायालयात ज्यावर दाद मागता येत नाही, त्या भागात.

पुष्कळ अभ्यासक इथे दोन तट पाडतात: गांधी खेड्याच्या बाजूचे, आंबेडकर विरोधातले. आपल्या दोन जिल्ह्यांचा अनुभव जमेला धरला तर मला ही मांडणी अपुरी वाटते. औंध खरं होतं आणि मसूरची रात्रही खरीच होती. गावाच्या हाती सत्ता दिली की गाव जबाबदारीने वागतं, हे एकाने दाखवलं. त्याच गावाच्या हाती माणसाचा हक्क सोपवला तर तहानलेलं पोर उपाशी झोपतं, हे दुसऱ्याने दाखवलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: सत्ता जितकी खाली नेता येईल तितकी न्यावी, पण हक्काची राखण खालच्या मर्जीवर सोडू नये. संघराज्याच्या घटनेचं अर्धं काम सत्ता वाटण्याचं आणि अर्धं काम हक्क राखण्याचं.

पहिल्या अर्ध्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते पाठ्यपुस्तकात असतं. सातव्या परिशिष्टात तीन सूच्या आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, रेल्वे केंद्राकडे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. फौजदारी कायदा, विवाह, शिक्षण अशा विषयांवर दोघांनाही कायदा करता येतो, आणि दोन कायदे एकमेकांशी भिडले तर साधारणतः केंद्राचा टिकतो. शिक्षण आधी राज्याचं होतं, आणीबाणीच्या काळात ४२ व्या दुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं. स्थानिक स्वराज्य संस्था राज्य सूचीत पाचव्या क्रमांकावर आहेत. हा क्रमांक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या अर्ध्यात मूलभूत हक्क येतात, आणि त्यांची रचना लोक समजतात त्याहून मोठी आहे. १२ वं कलम ‘राज्य’ कशाला म्हणायचं ते सांगतं. त्यात केंद्र सरकार येतं, संसद येते, राज्य सरकार येतं आणि स्थानिक प्राधिकरणंही येतात. म्हणजे आपल्या गावची ग्रामपंचायतसुद्धा मूलभूत हक्कांना बांधलेली आहे. १५ व्या कलमाने विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते सगळ्यांना खुले केले. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ते कलम सरकारपुरतं नाही, शेजाऱ्यालाही लागू आहे. मसूरच्या गाडीवानालाही आणि जकात नाक्यावरच्या माणसालाही. हक्क मोडला तर ३२ व्या कलमाने थेट सर्वोच्च न्यायालयात आणि २२६ व्या कलमाने उच्च न्यायालयात जाता येतं. ३२ व्या कलमाला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटलं. साताऱ्यापासून त्या कलमापर्यंतचा रस्ता ज्याला दिसतो, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

आता एक नाजूक विषय. प्रतिसरकारचं नाव या मुलखात आदरानेच घेतलं जातं आणि तसंच घ्यावं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून गावोगाव दुसरं सरकार चालवलं. कुंडल औंधच्या हद्दीत असल्याने तिथे आसरा मिळाला. जी. डी. बापू लाड आणि त्यांचे सहकारी तिथलेच, तुफान सेना तिथेच उभी राहिली. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी सावकारांच्या तावडीतल्या जमिनी सोडवल्या, दारूबंदी केली, कमी खर्चाची लग्नं लावली. रयतेला फुकट आणि झटपट न्याय मिळाला. पण पायावर फटके मारण्याची शिक्षा झालेल्या माणसाला वर दाद मागायला जागा नव्हती. लढाईच्या काळात ती असणं शक्यही नव्हतं, आणि त्या वीरांना मी त्याबद्दल दोष देणार नाही. मी एवढंच म्हणतो की शांततेच्या काळात चालणाऱ्या राज्यव्यवस्थेला गावाचा निवाडा तर हवाच, आणि त्या निवाड्याविरुद्ध अपील करायची वरची पायरीही हवी. एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही.

हक्काची राखण करणारी वरची पायरी प्रत्येक वेळी दिल्लीतच असते असंही नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वर्षानुवर्षं त्यांनी ज्या कायद्याची मागणी लावून धरली, तो जादूटोणाविरोधी कायदा राज्याने केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस विधिमंडळाने कायदा मंजूर केला. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याला आळा घालणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही महाराष्ट्रानेच २०१६ मध्ये केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळून २०१७ मध्ये तो अमलात आला. मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याविरुद्ध १९४९ मध्येच एक कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द ठरवला होता. तरी राज्याने पन्नास वर्षांनी नव्या वाटेने पुन्हा तोच प्रश्न हाती घेतला. संघराज्याचा हा फायदा आहे. एक राज्य पुढचं पाऊल टाकतं आणि बाकीच्यांना त्यावरून बोध घेता येतो.

आता औंधनंतर त्याच्या जागी काय आलं, त्या प्रश्नाकडे येऊ.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, जन्म देवराष्ट्रे, घर कराड. शाळा, दवाखाने, शेती, रस्ते अशी खरी कामं जिल्ह्याच्या हाती आली, आणि त्या पिढीतले अनेक नेते जिल्हा परिषदेच्या सभागृहात तयार झाले. मग ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, आणि पंचायतींना घटनेत स्वतःची जागा मिळाली. अकराव्या परिशिष्टात २९ विषय मांडले गेले. पण २४३ छ कलम नीट वाचा. राज्य विधिमंडळ पंचायतींना अधिकार देऊ शकेल, असं तिथे म्हटलं आहे. दिलेच पाहिजेत, असं म्हटलेलं नाही. कारण स्थानिक स्वराज्य संस्था तो पाचवा क्रमांक, राज्याचा विषय. केंद्राने अधिकार काढून घेतले म्हणून मुंबई तक्रार करते, आणि तीच मुंबई जिल्ह्याला आणि गावाला काही देताना हात आखडता घेते. यातला दुटप्पीपणा आपण दर निवडणुकीत सोडून देतो.

पैशाचं बघा. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. मोठा पैसा येतो तो वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, गावाकडे त्याला ‘पंधरावा वित्त’ असंच म्हणत. त्यातला साठ टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता याच कामांवर खर्चायचा होता. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाचीच, कोण नाही म्हणेल? पण गावाला शाळेचं छप्पर बदलायचं असलं तर सरपंचाने तेव्हा कोणाकडे बघायचं? औंधमध्ये निम्मा महसूल गावाचा होता, आणि तो कशावर खर्चायचा हे सांगायला वरून कोणी येत नव्हतं.

त्याहून गंभीर गोष्ट निवडणुकांची. २४३ ङ कलमाप्रमाणे पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितलं. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद, गट-गणांची रचना कोणी करायची याचा वाद, आणि तारखा पुढे ढकलल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका चार महिन्यांत घ्या असा आदेश दिला, तोवर तीन वर्षांहून अधिक काळ उलटून गेला होता. या काळात जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे होता. ज्या अधिकाऱ्याला सभागृहाने जाब विचारायचा, तोच सभागृहाच्या जागी बसला. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सभासद स्थानिक संस्थांतल्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडले जावेत, असं घटनाच सांगते. ते सदस्यच नसतील तर समितीत पालकमंत्री आणि अधिकारी एवढेच उरतात. पालकमंत्री हे पद घटनेत कुठेही नाही.

आरक्षणाचा प्रश्न लहान नव्हता. इतर मागासवर्गाचं प्रतिनिधित्व हा न्यायाचाच प्रश्न आहे आणि तो सुटायलाच हवा होता. पण विधानसभेची निवडणूक एखाद्या वादापायी तीन वर्षं लांबली असती तर सगळा देश पेटून उठला असता. जिल्हा परिषदेची लांबली आणि आपण स्वस्थ राहिलो. एवढ्या काळात किती गावांच्या ग्रामसभांनी याबद्दल ठराव केला? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा तर दर वर्षी भरतात.

शेवटी कृष्णेकडे येतो. संघराज्याचा सगळ्यांत कठीण प्रश्न आपल्या दारातून वाहतो.

ऑगस्टमध्ये सांगलीत माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न असतो, आयर्विन पुलाला किती फूट? चाळिशीला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यावेळी लोक तीन आकडे विचारत होते: कोयनेचा विसर्ग किती, पुलाला किती फूट, अलमट्टीतून किती सोडलं. पहिला आकडा महाराष्ट्राच्या हातात, तिसरा कर्नाटकच्या, आणि मधल्यात सांगलीचं घरदार. पाणी राज्य सूचीत १७ व्या क्रमांकावर आहे, आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्र सूचीत ५६ व्या. २६२ व्या कलमाने संसदेला असे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा दिली आणि १९५६ च्या कायद्याने ते बाहेर ठेवलेही. मग लवाद. बच्छावत लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. त्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी दिलं. ब्रिजेशकुमार लवाद २००४ चा. २०१० च्या त्याच्या निवाड्याने अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली, आणि पुढे सगळं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. लवादापुढे पक्षकार राज्य असतं, नागरिक नसतो. मौजे डिग्रजच्या शेतकऱ्याला किंवा सांगलीच्या गावभागातल्या दुकानदाराला लवादापुढे उभं राहायला जागा नाही. शिवाय लवाद पाणी किती कोणाचं ते ठरवतो. पूर आल्यावर कोणी कधी किती सोडायचं, हे रोजचं काम त्याचं नव्हेच. २१ व्या कलमाने जिवाचा हक्क तर प्रत्येकाला दिला आहे, पण दोन सरकारांच्या मध्ये सापडलेल्या माणसाचा तो हक्क कोणी सांभाळायचा, याचं उत्तर व्यवस्थेत सापडत नाही.

उत्तर अगदीच नाही असं मात्र नाही. १९५६ मध्येच संसदेने दुसरा एक कायदा केला, नदी मंडळ कायदा. एका नदीवरच्या राज्यांसाठी एक मंडळ असावं आणि त्याने नियमन, पूरनियंत्रण, नियोजन यांवर सल्ला द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. आजवर एकाही नदीवर असं मंडळ झालेलं नाही. असं मंडळ कृष्णेवर व्हावं. त्यात दोन्ही राज्यांचे अभियंते असावेत, आणि त्यांच्याबरोबर काठावरच्या ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महापालिका यांचे निवडून आलेले प्रतिनिधीही बसावेत, कारण पाणी घरात शिरतं तेव्हा पहिला फोन सरपंचाला जातो. कोयना, हिप्परगी आणि अलमट्टी या तिन्ही ठिकाणच्या विसर्गाचे आकडे एकाच जागी, सगळ्यांना बघता येतील असे, तासातासाला नोंदले जावेत. आयर्विनच्या आकड्यावर विसंबून सांगलीकर निर्णय घेतो, त्याच्या हाती उरलेले आकडेही यावेत. असं मंडळ केंद्राने स्थापन करायचं असतं, पण त्यासाठी विनंती एखादं राज्यही करू शकतं. महाराष्ट्राने ती करावी, आणि त्या मागणीचा पहिला ठराव कृष्णाकाठच्या ग्रामसभांनी येत्या १५ ऑगस्टला करावा, अशी माझी या सभागृहातल्या सरपंचांना आणि सदस्यांना विनंती आहे.